मिठाची गुळणी

त्याला सगळी गल्ली गप्पी म्हणायची. दुकान काढलं तेव्हा विकायला फक्त गप्पी मासे होते, म्हणून गप्पी. आणि गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायची वेळ आली की घशात काटा अडकल्यासारखा गप्प व्हायचा, म्हणूनही गप्पीच. बोलण्याचं काम बायकोकडे होतं. दाराजवळच्या स्टुलावर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्याकडे मासेही पाण्यात आणि मालकही पाण्यात. तोंड उघडलंच तर बुडबुडे निघतील, शब्द नाही."

दुकान म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. दोन्ही भिंतींना टाक्यांच्या रांगा, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. फरशी कायम ओली, पंपांची गुणगुण कायम सुरू. वर राहायच्या दोन खोल्या. गप्पी उभा जन्म गोड्या पाण्यातला माणूस. गप्पी, मॉली, गोल्डफिश, एंजल, झालंच तर एखादा मोठ्या तोंडाचा ऑस्कर. त्याचा धंद्याचा नियम एकच होता आणि तो त्यानं पोराला अ, आ, इ च्याही आधी शिकवला होता. टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं, ते भरायचं. पण भरताना जसं आहे तसंच भरायचं. त्याच पिंपातलं, तसंच मुरलेलं, तेवढंच कोमट. नळाखालचं ताजं पाणी घाईघाईनं ओतलं की मासा गेलाच समजा. "जसं आहे तसं," एवढं म्हणून तो पोराच्या हातात पाण्याचा मग द्यायचा. पोरगा तेव्हा टाकीच्या काठाला पुरत नव्हता. पालथ्या बादलीवर उभा राहून भरायचा.

पोरगा मोठा झाला आणि त्याला समुद्राच्या माशांचं वेड लागलं. नारिंगी जोकर, पिवळेधमक, निळेशार. गोड्यातले मासे त्यांच्यापुढे धुतलेल्या कपड्यासारखे फिके दिसायचे, हे खरंच होतं. पोरगा म्हणाला, "बाबा, एक भिंत खारी करूया. एकच."

"माझ्या दुकानात मीठ येणार नाही," गप्पी म्हणाला.

"पण का? ऐकून तर घ्या—"

"सांगितलं ना."

बस. यापुढे एक अक्षर नाही. मिठाची गुळणी धरणं म्हणजे काय ते ज्यांना पाहायचं असेल त्यांनी त्या वर्षी त्या दुकानात यायला हवं होतं. पोरगा विचारायचा आणि बाप फिल्टरचा स्पंज पिळत बसायचा. शेवटी पोरगा दुसऱ्या गावी गेला, तिथं नोकरी धरली, लग्न केलं, आणि घरातच खाऱ्या पाण्याची मोठी टाकी लावली. फोन यायचा तो आईला. ती मुद्दाम मोठ्यानं बोलायची, म्हणजे टाक्यांमागे उभ्या असलेल्या नवऱ्याला ऐकू जावं. "हो का? जोकरांची जोडी जमली? अरे वा! सांगते हं त्यांना." सांगायची गरज नसायची. फोन संपेपर्यंत गप्पी तीच काच पुसत असायचा.

आता मी हे लांबवत नाही. साधा ताप म्हणून पोरगा दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. इकडून हे दोघं पोचेतो बोलायला कुणी उरलं नव्हतं.

मग काही दिवसांनी सुनेचा फोन आला. नवऱ्याच्या नोकरीबरोबर मिळालेलं घर सोडायचं होतं. ती सध्या माहेरी जाणार होती, आणि माहेरी दोन खोल्यांत सहा माणसं. "आई, सामान ठेवीन कुठेही. पण मासे कुठे ठेवू? विकायचं मनात येतं, पण मग हात पुढे होत नाही. घर मिळालं की लगेच घेऊन जाईन. तात्पुरतं…"

सासूनं फोनवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. काय विचारायचं तेही तिला सुचेना, एरवी जिभेला हाड नसलेली बाई.

गप्पी म्हणाला, "आण म्हणावं." आणि लगेच बादली घेऊन समोरची टाकी रिकामी करायला लागला.

गोड्याची टाकी खारी करायची म्हणजे नुसतं मीठ ढवळायचं नव्हे. त्यानं दर्शनी रांगेतली सर्वांत मोठी टाकी निवडली, दिवाणखान्यासारखी. तिच्यातले गोल्डफिश टबांमध्ये गेले, टब पुरेनात म्हणून वरच्या न्हाणीघरात गेले. तिथं आंघोळ करणं म्हणजे पाहुण्यांसमोर आंघोळ करणं. "जरा पाठ करा रे तिकडे," असं बायको गोल्डफिशना म्हणायची, आणि त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी काही गमतीचं बोललं म्हणून दोघंही दचकायची. पानवेली काढल्या, वाळू काढली, बुरसटलेला फिल्टर धुतला. टाकीसाठी मिळतं ते समुद्री मीठ त्यानं मागवलं. ज्या दुकानात मीठ येणार नव्हतं त्यात पोतं आलं.

सून गाडीतून आली. थर्माकोलच्या डब्यांत पाण्यानं फुगलेल्या पिशव्या, एका झाकणाच्या बादलीत समुद्रातले जिवंत दगड. दोन जोकर, एक पिवळा, दोन पांढऱ्या मिशांच्या कोळंब्या, आणि एक बोटभर लांबीचा निळा, जो पिशवीतूनच सगळ्यांवर धावून जात होता. "याला तो गुंड म्हणायचा," सून म्हणाली. 'तो' म्हणताना तिचा आवाज अगदी सरळ राहिला. तिनं तशी सवय केली असावी.

तिनं सगळं नीट सांगितलं. हे दगड आधी ठेवा, पाणी तेच स्वच्छ राखतील. पाणी तापू देऊ नका, खाऱ्यातल्यांना उकाडा सोसत नाही. मीठ मोजायची एक काचेची नळी दिली. पाण्यात सोडली की तरंगते, आणि लाल रेघेपर्यंत बुडली की मीठ बरोबर. "आणि बाबा, पाणी कमी झालं की भरायला लागेल. पण भरताना—"

"अगं, ते मला सांगायला नको," गप्पी म्हणाला. "जन्मभर पाणीच भरतोय."

"नाही, पण खाऱ्याचं जरा—"

"माहितेय."

सून थांबली. सासऱ्याला जास्त बोललेलं आवडत नाही, हे ती नवऱ्याकडून ऐकून होती. तिला परतीची गाडी गाठायची होती. ती गेली.

आणि गप्पी त्या टाकीच्या सेवेला लागला. सेवाच म्हणायची. सकाळी उठला की आधी खाली. गोड्याच्या टाक्यांना दुपार झाली तरी चारा नाही. उकाडा होता म्हणून घरातला एकुलता टेबलफॅन त्यानं टाकीच्या तोंडावर लावून ठेवला. वर बायको पुठ्ठ्यानं वारा घेत बसायची. पंख्यानं पाणी गार राहायचं पण भराभर उडायचंही. रोज चार बोटं खाली. गप्पी बादलीत मीठ कालवायचा, नळी सोडायचा, ती लाल रेघेला टेकली की समाधानानं मान हलवायचा, आणि जसं आहे तसं पाणी टाकीत भरायचा. एक दिवस चुकला नाही. मोजल्याशिवाय एक थेंब ओतला नाही.

फक्त मोजायचा ते बादलीतलं. टाकीतलं कधी मोजलं नाही. जे बरोबर मोजून ओतलंय ते आत गेल्यावर चूक कसं होईल?

आधी कोळंब्या गेल्या. प्रवासाचा त्रास, त्यानं मनाची समजूत घातली. मग पिवळा एका कोपऱ्यात उभा राहून धापा टाकायला लागला. पाणी घाण झालं असेल म्हणून गप्पीनं निम्मं काढून नवं भरलं, अर्थात मोजून, खारं. दोन दिवस बरा वाटला आणि मग एका सकाळी दगडांमध्ये आडवा सापडला. बायको जवळ येऊन उभी राहिली. गोड्यातला मासा मलूल झाला की या घरात एकच औषध होतं. ती हळूच म्हणाली, "चिमूटभर मीठ टाकून बघा की."

"अगं बये, मिठातच आहेत ना ते!" गप्पी एवढ्या जोरात ओरडला की रस्त्यावरचा माणूस वळून आत बघायला लागला. लग्न झाल्यापासून तिनं त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. ती वर गेली.

जोकरांची जोडी एकामागोमाग गेली. दुसरा गेला त्या दिवशी गप्पीनं दुकान उघडलं नाही. मासा हातात घेऊन न्हाणीघरात बसून राहिला, गोल्डफिशच्या टबाशेजारी. बायकोनं दार ढकललं तर म्हणाला, "त्याची एक वस्तू सांभाळता आली नाही मला."

बायको म्हणाली, "उठा." दुसरं काय म्हणणार?

सुनेला कळवायचं कुणी, यावर दोघांनी मिठाची गुळणी धरली. फोन आला की सासू म्हणायची, "आहेत हं, छान आहेत," आणि पदर तोंडाला लावायची.

सून न कळवताच आली. घर मिळालं होतं. दारातून आत आली तीच टाकीपाशी थबकली. आत दगड, आणि दगडाच्या भोकातून तोंड काढून बसलेला एकटा गुंड. धावून येणं सोडा, कल्ला हलत होता एवढंच. पण ती माशाकडे बघत नव्हती. टाकीच्या काठावर पांढरी खपली धरली होती, बोटभर जाड. तिनं नखानं खरवडली.

"बाबा, वरून पाणी कुठलं भरत होतात?"

"जसं आहे तसं," गप्पी म्हणाला. "खारं. रोज मोजून."

सुनेनं नळी उचलली आणि टाकीत सोडली. नळी बुडेचना. लाल रेघ पाण्याच्या कितीतरी वर उभी राहिली.

गप्पी त्या रेघेकडे बघत राहिला. माणसाच्या चेहऱ्यावरून समज कशी उतरत जाते ते त्याच्या बायकोला दिसलं, आणि तिनं मान फिरवली.

"पाणी उडतं, बाबा," सून अगदी हळू म्हणाली. "मीठ उडत नाही. ते मागेच राहतं. खाऱ्यात वरून नेहमी गोडं भरायचं."

पंपांची गुणगुण तेवढी चालू होती. आणि मग सून स्टुलावर बसली आणि तिला हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. सासू घाबरली. "अगं, काय झालं तुला?"

"त्यानंही हेच केलं होतं," सून म्हणाली. "पहिल्या टाकीत. अगदी हेच. सगळे मेले त्याचे. मी म्हटलं, अरे, मिठाच्या पाकिटावर लिहिलंय ना, वाचायचं तरी! तर म्हणाला, वाचून काय करू, हात ऐकत नाहीत. लहानपणापासून बाबांनी सांगितलंय, जसं आहे तसं." तिनं नाक पुसलं. "खूप हसलो होतो आम्ही. म्हणाला, ही गोष्ट बाबांना सांगायला पाहिजे. त्यांना हसू येईल."

"मग सांगितलं का नाही?" गप्पीनं विचारलं.

त्याचं उत्तर काय तिनं द्यायचं होतं?

गप्पी बायकोकडे वळला. "हसलो असतो ना मी?"

आता इथे दुसरी कुणी असती तर हो म्हणाली असती. बुडत्याला काडी द्यायला काय जातं? पण ती खोटं बोलून बोलून थकली होती. "नाही," ती म्हणाली. "'म्हणून सांगत होतो, मीठ नको,' असं म्हणाला असतात. आणि पुन्हा काच पुसत बसला असतात."

गप्पीनं मान हलवली. बरोबर आहे, अशी.

मग त्यानं पिंपातल्या गोड्या पाण्याचा मग भरला आणि टाकीवर नेला, आणि तिथं त्याचा हात थांबला. त्यानं सुनेकडे पाहिलं. "त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतीस. भरताना काय?"

"एकदम नाही," सून म्हणाली. "एकदम गोडं गेलं तर सोसणार नाही त्याला. एक मग घालायचा, मग थांबायचं. बराच वेळ. मग दुसरा. चार-पाच दिवस लागतील."

"तू राहशील तेवढे दिवस?"

"राहीन."

"सांग मग. सगळं सांग. मी ऐकतोय."

ती सांगत राहिली. माशांचं सांगता सांगता टाकीचं, टाकीचं सांगता सांगता त्याचं. तो सकाळी टाकीपाशी उभा राहून चहा कसा प्यायचा, गुंडाशी भांडायचा कसा. गप्पी मधे एकदाही "माहितेय" म्हणाला नाही. त्याला काहीच माहीत नव्हतं.

गुंड जगला. सून त्याला पिशवीत घालून घेऊन गेली. "येत जाईन," असं म्हणाली, आणि नंतर एकदा आलीही. पण तिचं वय ते किती, तिला तिचा संसार आहे. पुढे येणं कमी झालं, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

टाकी पुन्हा गोडी करायची होती. तात्पुरतंच होतं ना ते. गप्पीनं ती उपसली, काच घासली, गोल्डफिश न्हाणीघरातून खाली आणले. पण टाकीखालचं लाकडी घोडं मिठानं मुरलं होतं. कितीही पुसा, दोन दिवसांनी लाकडावर पांढरी बुरशीसारखी साय फुटते. बायको ओलं फडकं घेऊन रोज बसते आणि पुटपुटते, "जात नाही मेलं." आताशा गप्पी तिच्या हातातून फडकं काढून घेतो. पुसत मात्र नाही. लाकडावरून बोट फिरवतो, ते जिभेला लावतो, आणि पिंपाकडे पाणी भरायला जातो.