कबुतराच्या अंगावरची माशी

काल दोरीवरचे कपडे काढताना बाहीवर एक चपटी माशी दिसली. झटकली तरी उडेना, खेकड्यासारखी तिरकी सरकत राहिली. पक्ष्यांच्या पिसांत राहून रक्त पिणारी ही माशी मी याआधी एकदाच पाहिली होती, बारा वर्षांपूर्वी, आयर्लंडमधल्या ट्रली गावातल्या याच परसात.

तेव्हा बाबा अकोल्याहून आले होते. जन्मभर गुराढोरांची डॉक्टरकी केलेला माणूस. काचेवर आपटलेलं एक रानकबूतर ते मांडीवर घेऊन बसले होते. त्याच्या पिसांतून अशीच माशी निघाली आणि त्यांच्या मनगटावर चढली.

"शी! टाका ते, बाबा. हात धुवा आधी."

"थांब वं माय. आंग थंडं पडाले लागलं का माशी पाखराले सोडते. तिले आपल्या आधी समजते." मग मला, हृदयाच्या डॉक्टरला, चिडवत म्हणाले, "तुह्या ईसीजीपेक्षा हुशार हाय ते."

माशी टिपायला मी त्यांचा हात धरला. भर जुलैत तो गार आणि ओलसर होता. अकोल्याच्या माणसाला इथला उन्हाळाही बोचतो, असं धरून मी घरातून स्वेटर आणून दिला. त्यांनी तो घातला.

भारतात परतल्यावर अकराव्या दिवशी ते हार्ट अटॅकने वारले.

वॉर्डात कुणा पेशंटचा हात तसा लागला असता, तर मी जागच्या जागी नाडी पाहिली असती. बाबांचा लागला, आणि मी स्वेटर शोधायला गेले.