दैवशालाचं रडणं

वाटूरच्या दैवशालाला कोणी गळ्यात पडलं की जीव नको व्हायचा. आता बाईच्या जातीला, तेही आपल्या भागात, हे कसं परवडावं? मयतीला गेलं की बायका एकमेकींच्या गळ्यात पडून, गेलेल्या माणसाचे गुण आठवत, हेल काढून रडतात. जी रडत नाही तिचं काळीज दगडाचं. मामला खलास.

तिचे वडील आप्पा गेले तेव्हा ही बया दारातल्या चपलांच्या जोड्या लावत बसली. डोळ्यांत टिपूस नाही. धाकट्या मीनानं ते पाहिलं आणि तेव्हापासून बहिणीबहिणींत नुसतं कामापुरतं बोलणं उरलं. दैवशालाला स्वतःलाही वाटायचं, आपल्यातच काहीतरी खोट आहे.

मग अलीकडं मोबाईलवर एक डॉक्टरीण बोलताना दिसली. काहींना स्पर्श सोसत नाही, गोंगाटात डोकं फुटायला होतं, डोळ्यांत बघून बोलता येत नाही, माया मात्र सगळ्यांसारखीच असते. याला ऑटिझम म्हणतात, तो मोठ्या माणसांतही असतो, कधी सौम्यही असतो. दैवशालानं ते परत परत ऐकलं. बाई जणू हिच्याच घरात राहून गेली होती. नवऱ्याला, धर्मराजला, सांगितलं तर तो म्हणाला, "मोबाईल बघून आजार काढून राह्यली का? सगळ्यांचंच थोडंफार असं अस्तंय." तपासायला कोण नेणार? पण तिला मनोमन पटलं होतं.

आणि अशातच मीनाचा नवरा आदिनाथ वारला. मीनाच्या सासरी जाताना, शहागडच्या रस्त्याला, जीपमध्ये दैवशालाचा जीव थाऱ्यावर नव्हता. पदराचं टोक चोळून चोळून पार चुरगळलं. या वेळी रडले नाही तर मीना कायमची तुटणार. नाटक करावं का? तिनं तोंडातल्या तोंडात हेल काढून पाहिला. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

घरात बायकांचा एकच कल्लोळ. तिचे पाय मागं वळू बघत होते. अंग चोरून ती भिंतीकडेनं पुढं सरकली आणि मीनापासून हातभर लांब बसली. सगळ्या बघत होत्या.

"मीना, मला तसं रडता येत न्हाई," ती खाली बघत म्हणाली. "गळ्यात पडलं की अंगाला चटके बसल्यावानी व्हतंय. लहानपणापासून हाय ते, नाव आत्ता कळलं. आत लई दुखून राह्यलं पर."

मीना सुजल्या डोळ्यांनी बघत राहिली. "आप्पा गेल्ते तवा बी?"

"तवा बी."

मीनानं पदरानं डोळे पुसले. दैवशालाचे हात थांबेनात. पदर, बोटं, पुन्हा पदर. बोलले ते चुकलं का? उठून जावं का? तेवढ्यात मीनाची चुलतसासू कांताबाई हंबरडा फोडत आत आली आणि हात पसरून थेट दैवशालाकडं वळली.

मीनाचा आवाज पार बसला होता. "आत्याबाई, आक्काला धरू नका," ती म्हणाली. "ती रडूनच राह्यली."