तिसऱ्या झुरक्याला करपतंय

"करपलं," आण्णा म्हणाले आणि खोकत खोकत स्टुलावर बसले.

सकाळपासून हे चौथ्यांदा घडत होतं. पहिला झुरका झकास, दुसराही बरा. तिसऱ्याला मात्र आण्णांचं तोंड कडू कारलं चावल्यासारखं व्हायचं. मी परत स्क्रू सैल केले, कॉइल काढली, भिंगाखाली धरली. कॉइलमध्ये मला काही दोष दिसत नव्हता. बारसं आठ दिवसांवर आलं होतं.

आधी माझा धंदा सांगतो. मी तीस वर्षं हीटरच्या कॉइल गुंडाळल्या. गिझर, इस्त्री, पॅकिंग मशीन, जिथं जिथं काही तापतं तिथं नायक्रोमची तार असते. नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रणाची तार. वीज सोडली की लालभडक होते, पण लवकर जळत नाही. वर्कशॉप कोल्हापुरात होतं आणि आसपास कारखाने भरपूर, त्यामुळं कामाला कधी तोटा पडला नाही.

आण्णा माझं जुनं गिऱ्हाईक. मूळचे नेसरीकडचे, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्यांचा चटणी-मसाल्याचा कारखाना होता. पुड्या सील करायच्या मशीनचे हीटर मी करून द्यायचो. साठी उलटलेली, आवाज मोठा आणि नाक त्याहून तिखट. आत कढईत मिरची किती भाजली आहे ते गेटवर उभं राहून सांगायचे. असं नाक असलेला माणूस चाळीस वर्षं बिडी ओढत कसा राहिला, ते मला कधी कळलं नाही.

ही गोष्ट दोन हजारच्या दशकाच्या अगदी शेवटची. आण्णांची मुलगी शैला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आल्या दिवशीच तिनं बापाला बजावलं, की बिडी ओढणाऱ्या माणसाच्या हातात मी बाळ देणार नाही. आण्णांनी हे हसण्यावारी नेलं. पण दुबईला असलेल्या मुलानं ते मनावर घेतलं आणि एक इलेक्ट्रॉनिक सिगारेट पाठवून दिली. सोबत निकोटिनच्या द्रावाच्या दोन बाटल्या. आण्णा त्या द्रावाला काढा म्हणायचे.

त्या यंत्रावर आण्णांचे तीन आठवडे बिनबिडीचे गेले. नेमकी बाळंतपणाच्या दिवशी त्यातली कॉइल उडाली. मुलगी आत कळा देतेय, आण्णा बाहेर दवाखान्याच्या पायरीवर. घाबरून त्यांनी पानपट्टीवरून बंडल आणलं आणि ओळीनं दोन बिड्या ओढल्या. नात झाली म्हणून धावत आत गेले, तर शैलानं वास घेतला आणि बाळाला पदराआड केलं. तेव्हापासून आण्णा नातीला दारात उभं राहून बघत होते. शैलानं एवढीच सूट दिली होती, की बारशापर्यंत बिडीला हात लावला नाही तर त्या दिवशी मांडीवर देईन.

"इलास, दुबईस्नं नवीन याला म्हैना लागतोय," आण्णा मला म्हणाले. "बारशापतुर ह्ये चालू करून दे. न्हाय तर माझ्यानं ऱ्हावणार न्हाय. मी माझं मला वळखतो की."

एवढा मोठा माणूस इतकं खरं बोलला, की मला नाही म्हणता येईना.

यंत्र पेनाएवढं होतं. खालच्या अर्ध्या भागात बॅटरी, वरच्या अर्ध्यात ॲटमायझर. नाव भारदस्त असलं तरी आत दोनच वस्तू होत्या, एक कॉइल आणि एक वात. वात द्राव ओढून कॉइलपर्यंत आणते, कॉइल तापून त्याची वाफ करते. कंपनीनं ते सगळं चिकटवून बंद केलं होतं. बिघडलं की फेका, असा हिशेब. कोल्हापुरात वस्तू उघडून बघितल्याशिवाय कुणी फेकत नाही. मी शेजारच्या लेथवाल्याकडून त्याच आट्याचा पितळी तळ करून घेतला आणि त्यावर स्क्रूचे दोन बारके खांब बसवले. आता कॉइल हवी तेव्हा बदलता येणार होती.

पहिली चूक तारेत झाली आणि ती आम्ही दोघांनी मिळून केली. आण्णांचा आग्रह, की चांगली दणकट जाड तार घाल, परत उडायला नको. मलाही आयुष्यभर दणकट करायचीच सवय. मी चोवीस गेजची तार घातली. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड. जाड तार विजेला अडवत नाही, आणि वीज अडली नाही तर तार तापत नाही, उलट बॅटरीतून भसाभसा करंट निघतो. झालं तसंच. कॉइल थंडगार आणि बॅटरी मात्र हातात धरवेना. मी ती झटक्यात काढली आणि फरशीवर ठेवून दिली. आम्ही दोघं दहा मिनिटं लांबून तिच्याकडं बघत बसलो.

मग मी गुमान हिशेब केला. अडतीस गेजची केसासारखी तार, दोन मिलिमीटरच्या ड्रिल बिटावर सहा वेढे. मीटर दोन-सव्वादोन ओहम दाखवत होता. ओहम म्हणजे तार विजेला किती अडवते त्याचं माप. बटण दाबलं आणि कॉइल मधल्या वेढ्यापासून सारखी लाल होत कडेला गेली. कॉइलवाल्याला याहून सुंदर दृश्य नाही, निदान मला तरी नाही.

राहिली वात. आमच्या धंद्यात तापणाऱ्या जागी ॲस्बेस्टॉसची दोरी वापरायचे. ती माझ्याकडं रीळभर पडून होती. पण जी वस्तू हाताळताना मी तोंडाला फडकं बांधायचो, तिच्यातून माणसानं श्वास घ्यायचा म्हणजे अतीच झालं. काचेच्या धाग्याची विणलेली नळीही तशीच, तिचं कुसळ बोटात घुसलं तरी दिवसभर खुपतं. शेवटी मी घरी आलो आणि बायकोच्या, सुमनच्या, वातींच्या डब्यातून एक मूठ उचलली.

सुमनच्या वाती आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहेत. शेतावरचा कापूस, सरकी हातानं काढलेली. टीव्ही बघत बघत मांडीवर वळते. तिची वात समईत रात्रभर जळते आणि काजळी धरत नाही, असं ती स्वतःच सांगते. मी ती वात काढ्यात बोटानं दाबून भिजवली, कॉइलमधून ओवली आणि आण्णांच्या हातात दिली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या झुरक्याला करपतंय.

मी वेढे कमी केले, वाढवले. तार बदलून छत्तीस गेजची घातली. वात बारीक केली, जाड केली. तिसरा झुरका काही सुधारेना. आण्णा मात्र दर वेळी नवा शेरा द्यायचे. एकदा खोबरं करपल्यागत, एकदा धणे, एकदा "मिरचीचं देठ तव्यावर पडल्यागत." टेस्टिंगचा रिपोर्ट इतका तपशीलवार मला कुठल्या लॅबनंही दिलेला नाही.

घरी मी सुमनला म्हणालो, की तुझी वात करपते. तिनं हातातलं काम थांबवलं. मग मला ऐकावं लागलं, की देवापुढं इतकी वर्षं करपत नाही ती तुमच्याकडं आल्यावरच बरी करपते, आणि तुमची कॉइल एकदा तपासून घ्या कुणाकडून तरी. तीन दिवस आमच्या घरात कॉइल आणि वात यांचं पटत नव्हतं.

इकडं आण्णांची अवस्था बघवत नव्हती. ते सकाळी कारखान्यात जायचे आणि अकराला माझ्याकडं येऊन बसायचे. वरच्या खिशात ते दवाखान्यातलं बंडल तसंच होतं. ओढत नव्हते, पण टाकतही नव्हते. बोलता बोलता हात खिशाकडं जायचा आणि परत यायचा. मला त्या हाताची काळजी वाटायला लागली.

बारशाला पाच दिवस राहिले असताना माझ्या कोपराचा धक्का लागून काढ्याची बाटली टेबलावर आडवी झाली. तीच शेवटची. मी ती चटकन उभी केली, निम्मी वाचली. सांडलेला काढा तारांच्या रिळांकडं चालला म्हणून मी खुंटीवरचा टॉवेल ओढून पुसायला लागलो. रविवारी भाच्याच्या लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर झाला होता, त्यातला तो कोराकरकरीत टॉवेल. मी पुसतोय आणि काढा टॉवेलपुढं पळतोय. टेबलाच्या या कडेचा त्या कडेला गेला, पण टॉवेल कोरडाच.

आण्णा कपाळाला हात लावून बघत होते.

"अरं, आहेराचा टॉवेल त्यो. त्यानं कवा काय पुसलंय व्हय? दोन-तीनदा सोड्यात उकळल्याबिगर थेंब धरायचा न्हाय."

मी हात थांबवला. टॉवेल सुताचा, सूत कापसाचं आणि वातही कापसाचीच. मी सुमनची एक कोरी वात घेतली आणि तिच्यावर काढ्याचा एक थेंब सोडला. अळवाच्या पानावर पाणी बसतं तसा तो थेंब वातीवर बसून राहिला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. तो आत गेलाच नाही.

कारण साधं आहे. कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो, निसर्गानंच दिलेला. तेलाचं आणि मेणाचं जमतं, म्हणून समईत ती वात तेल झकास ओढते. काढा होता ग्लिसरीन आणि पाण्याचा. तो मेणाला बघून बाहेरच थांबतो. मी बोटानं दाबून भिजवत होतो, तेवढ्यावर दोन झुरके निघायचे. तिसऱ्या वेळी वात कोरडी आणि कॉइल लाल. म्हणजे वात निर्दोष, कॉइलही निर्दोष. चूक होती ती समईची वात दुसऱ्या कामाला लावणाऱ्याची.

हे सुमनला सांगताना मी शब्द जपून वापरले. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. स्वतः एका वातीवर तेलाचा थेंब टाकला, तो दिसेनासा झाला. दुसरीवर काढ्याचा टाकला, तो बसून राहिला. बराच वेळ बघून ती म्हणाली, "तिला तेलाची सवय आहे. विचारून न्यायच्या होत्या की."

मग तिनंच जुन्या पातेल्यात पाणी चढवलं, धुण्याचा सोडा टाकला आणि कापूस अर्धा तास उकळला. पाणी पिवळट झालं. नंतर सोड्याचा वास जाईपर्यंत सात-आठ पाण्यांनी धुतला आणि गच्चीवर वाळवला. दुसऱ्या दिवशी थेंब टाकला, तर तो पडल्या पडल्या गडप.

त्याच संध्याकाळी मी डोकेदुखीची गोळी आणायला मेडिकलमध्ये गेलो. सहज विचारलं, तर दुकानदार म्हणाला, की जखमेचा कापूस हा असाच उकळून मेण काढलेला असतो, म्हणून तर तो रक्त टिपतो. शेल्फवर गुंडाळ्या रचलेल्या होत्या. माझ्या वर्कशॉपपासून ते दुकान चाळीस पावलांवर. सुमन म्हणाली, की हे आण्णांना सांगायची काही गरज नाही. मी आजपर्यंत सांगितलेलं नव्हतं.

आण्णा आले. मी सहा वेढ्यांची कॉइल लावली, वात सैलसर ओवली, कारण ठासून भरली तर चांगली वातही ओढत नाही. पहिला झुरका. दुसरा. तिसऱ्याला आण्णांनी डोळे मिटले. चौथा, पाचवा. मग म्हणाले, "जमली भाजणी." वरच्या खिशातलं बंडल काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

बारशाला आम्ही दोघं गेलो. आण्णा नवं धोतर नेसून दारात उभे. शैलानं आधी बापाचा वास घेतला, मग खिशातून डोकावणारं यंत्र बघितलं. आण्णांनी मोठ्या अभिमानानं माहिती द्यायला सुरुवात केली. तिनं मध्येच विचारलं, "आण्णा, ह्यातनं धूर निघतो न्हवं? मग बाहेर ठेवा."

आण्णांनी निमूटपणे यंत्र काढून माझ्या हातात दिलं. पुढं दोन तास नात त्यांच्या मांडीवर होती आणि माझी इतक्या दिवसांची कारागिरी माझ्या खिशात. त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मला आनंद झाला. थोडा अपमानही वाटला, खोटं कशाला सांगू.

निघताना आहेर झाला. सगळ्या पाहुण्यांना कडक घडीचे, कागद चिकटवलेले टॉवेल. माझ्या हातात आण्णांनी एक मऊ पडलेला, रंग उतरलेला टॉवेल ठेवला. शेजारचे गृहस्थ दचकले. त्यांना वाटलं, यजमानांनी वापरलेला टॉवेल दिला.

"तीनदा सोड्यात उकळलाय, माझ्या हातानं," आण्णा सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले. "ह्यो पाणी धरतोय. थेंब टाकून बघ की."

बिडी परत आली नाही. यंत्राची बॅटरी काही महिन्यांत गेली, आण्णांनी ती दुरुस्तीलाही आणली नाही. पुढं सरकारनं असली यंत्रंच बंद केली, आणि ती वाफ छातीला काय करते ते डॉक्टरांनी सांगावं, कॉइलवाल्यानं नव्हे. बिडी सुटल्याचं श्रेय कॉइलला द्यायचं की नातीला, हे मी ठरवलेलं नाही. सुमनच्या मते ते वातीचं आहे.

मी मात्र त्यानंतर कुठल्याही कामात वात, दोरी, कापड काही घालायचं झालं, की आधी त्यावर एक थेंब टाकून बघतो. थेंब बसून राहिला तर घरी विचारतो.