कारभारीण कलाबाई आणि पोटातली मूठ

सुरतेच्या डिंडोलीत वरखेडे भावकीची पस्तीस-चाळीस घरं आहेत, आणि त्या घरांवर राज्य चालतं कलाबाईचं. राज्यच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. भावकीच्या लग्नात दारू वाटायची नाही, हे तिनं ठरवलं. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या कुणी फोडायच्या नाहीत, हेही तिनंच. एका पठ्ठ्यानं मांडवामागं गुपचूप बाटल्या उघडल्या, तर ही बाई झाडू घेऊन गेली आणि नवरदेवाच्या मामासकट सगळ्यांना पळवलं! पोट भरायला साड्यांना खडे चिकटवते. कुणी भांडण घेऊन आलं तरी हात थांबत नाही. "बोल रे, हात कामात आहेत, कान रिकामेच आहेत," म्हणते.

पण ही गादी तिला कुणी ताटात वाढून दिलेली नाही, बरं का.

कलाबाई धुळ्याकडून लग्न होऊन थेट सुरतेतच आली. नवरा हेमराज लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, कारीगर, आणि भावकीचा कारभारी. कारभाऱ्याचं मोठं काम वर्षातून एकदा, श्रावणात, कानबाई देवी बसायच्या आदल्या दिवशी. खानदेशी माणसाला कानबाई सांगायला नको, पण वरखेड्यांची रीत जरा न्यारी. देवीच्या रोटाचा, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, गहू सगळ्या भावकीचा एकाच टोपलीत जमतो. कारभारी एकेका पुरुषाचं नाव पुकारतो, आणि त्या नावाचे मूठभर गहू टोपलीत पडतात. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा मूठ. मग कारभाऱ्यानं टोपली उचलून गिरणीवर न्यायची. घंटीवाले, म्हणजे गिरणीवाले, कांतिभाई त्या दिवशी सगळी गिरणी धुऊन तयार ठेवतात. त्या पिठाचे रोट फक्त भावकीनं खायचे, बाहेर कणभर जाऊ द्यायचा नाही. ज्या घराची मूठ नाही त्या घराला रोट नाही, आणि रोट नाही म्हणजे भावकी नाही. मग लग्नाला कुणी येत नाही आणि मयतालाही नाही.

कलाबाईला एकच लेक, गायत्री. मुलगा नाही. हेमराज होता तोवर त्याच्या नावाची मूठ पडत होती, कुणाला काही खुपलं नाही. मग एका उन्हाळ्यात तो छातीत कळ येऊन गेला. त्या साली सुतक म्हणून रोट झालेच नाहीत. दुसऱ्या श्रावणात त्याचा चुलतभाऊ, भावकीचा नवा कारभारी बाबुराव दारात उभा राहिला.

"वहिनी, टोपली न्यायला आलोय. आणि राग मानू नका, पण यंदा तुमच्या घराची मूठ नाही. घरात पुरुष नाही, तर नाव कुणाचं पुकारू?"

बाबुराव दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. रीत म्हटली की त्याची अक्कल चरायला जायची, एवढंच. कलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं टोपली आणून त्याच्या हातात दिली. "न्या भाऊजी. शनिवारी मी येतेच."

तो गेला तशी गायत्री म्हणाली, "माय, जाऊ दे ना. उनका रोट उनको मुबारक. आपल्याला काय करायचंय?"

"काय करायचंय?" कलाबाई उसळली. "तुझा बाप वीस वर्षं ती टोपली डोक्यावर घेऊन चालला. त्याच्या पोरीला त्या टोपलीत जागा नाही? नर्स होशील, साहेबीण होशील, पण उद्या मी गेले तर मला खांदा द्यायला भाड्यानं माणसं आणशील का?" आणि एवढी तिखट बाई, पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली.

शनिवारी सकाळी बाबुरावच्या गच्चीवर सगळी भावकी जमली. पुरुष पुढं, बायका मागं. कलाबाई गायत्रीचा हात धरून भिंतीशी बसली. बाबुराव खणखणीत आवाजात नावं घेत होता. भिकन आप्पांची मूठ पडली, रामदासची पडली, लखनची पडली. हेमराजच्या नावापाशी तो एक क्षण थांबला, खाली बघितलं आणि पुढं गेला.

शेवटी त्याचा चेहरा फुलला. त्याची सून स्वाती सात महिन्यांची पोटुशी होती, आणि वरखेड्यांत पोटातल्या जिवाचीही मूठ पडते. देव मुलगाच देणार असं धरून चालायचं, दुसरं काय! मुलगी झाली तर पुढच्या साली मूठ आपोआप बंद.

"पोटातल्या पाहुण्याची मूठ!" बाबुरावनं पुकारलं. स्वाती मुठीत गहू घेऊन पुढं आली, तशी कलाबाई उभी राहिली.

"भाऊजी, एक विचारते. गायत्री पोटात होती तेव्हा मीही अशीच मूठ टाकली होती. भिकन आप्पा, तुम्ही होता ना समोर?"

भिकन आप्पा भावकीत सगळ्यात म्हातारे. "होतो ना बाई. पण मुलगी झाली, मग तिचं नाव गळलं. रीतच आहे."

"गळलं कसं? तो गहू दळला, त्याचा रोट झाला, देवीपुढं ठेवला, तुम्ही सगळ्यांनी खाल्ला. देवीनं माझी पोर घेतली आपल्यात. मग देवीच्या तोंडातला घास काढला कुणी? देवीनं काढला, की तुम्ही? अहो, इथल्या एकेका पोरीचा घास असा काढलाय तुम्ही!"

बाबुराव चिडला. "वहिनी, शुभाच्या वेळी वाद नको. स्वाती, टाक बाळा."

स्वातीचा हात टोपलीवर होता, पण मूठ उघडेना. ही पोरगी घरात कधी मान वर करून बोललेली नव्हती. आता तिनं सासऱ्याकडं सरळ पाहिलं. "पप्पा, मुलगी झाली तर पुढच्या वर्षी काढणार का हिला?"

"अगं, आत्ताच कशाला..."

"मग मी टाकत नाही. एकदा घालून बाहेर काढायची, त्यापेक्षा नकोच."

अरे बापरे! पोटातल्या जिवाची मूठ पडली नाही तर बाळंतपण अवघड जातं, हे वरखेड्यांत शेंबडं पोरही सांगेल. बाबुरावनं घाबरून बायकोकडं पाहिलं. शोभाबाई सुनेच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय? माझी लेक ज्योती पोटात होती तेव्हा तिचीही मूठ पडली होती, आठवतं का?"

आता बघा कसं झालं. इतका वेळ रीत सांगणारा बाबुराव केविलवाणा होऊन कलाबाईकडं वळला. "वहिनी, आता तुम्हीच सांगा काय करायचं."

कलाबाईनं घाई केली नाही. स्वातीच्या पाठीवरून हात फिरवला. "टाक पोरी. आत गेलेली मूठ या भावकीत परत निघणार नाही. आणि ज्या काढल्या, त्या सगळ्या आज परत पडतील. पुकारा भाऊजी. जिथं थांबला होता तिथूनच पुकारा."

स्वातीची मूठ उघडली. बाबुरावनं घसा खाकरला. आवाज गच्चीभर घुमला. "हेमराजची गायत्री!"

उनका रोट उनको मुबारक म्हणणारी ती पोरगी, टोपलीशी पोचेपर्यंत तिचे डोळे भरून वाहत होते. तिच्यामागं पोरींची झुंबड उडाली. शाळेतल्या, कॉलेजातल्या, कडेवरच्या. बायकांनी कानबाईचं गाणं धरलं, कुणीतरी फुगडी घातली, आणि कांतिभाई खालून ओरडत राहिले की घंटी धुऊन केव्हाची तयार आहे. टोपली शिगोशीग भरली.

तरी बाबुराव ती उचलेना. कलाबाईला वाटलं, रुसला हा. "बरं, मी नेते," म्हणत ती वाकली, तसा त्यानं तिचा रस्ता अडवला.

"थांबा वहिनी. टोपली कारभाऱ्यानंच उचलायची असते. आणि कारभाऱ्याची मूठ पडल्याशिवाय ती जाग्यावरनं हलत नाही." त्यानं स्वतः ओंजळभर गहू तिच्यापुढं धरले आणि सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं पुकारलं, "कलाबाई हेमराज वरखेडे!"