फोर्तुनातामावशी टेकडीवर गेली त्या दिवशी

फोर्तुनातामावशीचं घर माझ्या घराला लागून होतं. कोचाबांबातल्या टेकडीच्या पायथ्याशी ती चिचा विकायची. मक्याची ही आंबूस दारू तिच्या हातची प्यायला लोक लांबून येत.

टेकडीवरचे बायकांचे पुतळे तिला अंगणातून दिसायचे, पण वर ती कधीच गेली नव्हती. दोनशे वर्षांपूर्वी पुरुषांची फौज मोडली, तेव्हा याच टेकडीवर बायका स्पेनच्या सैन्याला आडव्या आल्या. एक आंधळी म्हातारी त्यांच्या पुढे होती. त्यांची आठवण म्हणून आमच्याकडे मे महिन्यात मातृदिन असतो.

"मातृदिन आयांचा. माझं काय काम तिथं?" मावशी म्हणायची. तिची दोन्ही बाळं पाळण्यातच गेली होती.

पुढे तिचे डोळे गेले. एका मातृदिनाला ठेवणीतला घोळदार घागरा नेसून ती माझ्या दारात उभी.

"चल, मला वर ने."

"दिसत होतं तेव्हा गेली नाहीस, आता काय बघणार?"

"जीभ आहे की आंबलेला मका? चल!"

कोवळं ऊन होतं. मावशी झोपेत चालावं तशी चढत होती. मध्येच थबकली.

"कोण बोलतंय गं? चुलीवर हंडा तसाच टाकून आले म्हणतेय."

"बँड वाजतोय, मावशी."

"बँडच्या मागे ऐक."

मी कान दिला. क्षणभर मलाही ओल्या लाकडाच्या धुराचा वास आला.

वर पोचलो आणि गर्दी वळून बघू लागली. पांढरे डोळे, दोन पांढऱ्या वेण्या, चाचपडत पुढे आलेला हात. लोक आपोआप बाजूला झाले. बँड थांबला. एका बाईनं तिच्या हातात लाल फुलं दिली, हाताचा मुका घेतला, म्हणाली, "आई."

"मी कुणाची आई नाही गं."

बाई रडत होती, तिला ऐकूच गेलं नाही. तिच्यामागे दुसरी आली, मग तिसरी.

"यांना झालंय काय?" मावशी कुजबुजली.

"तू त्यांना ती वाटतेयस. ती आंधळी म्हातारी."

मावशीनं हातातली फुलं सावरली. मग पाठ ताठ करून म्हणाली, "मग उभी राहते थोडी."

ऊन कलेपर्यंत ती उभी होती. उतरताना तिनं पहिल्यांदाच मला बाळांची नावं सांगितली. सातुर्नीना आणि प्लासिदो. हळूच, कुणी जागं होऊ नये अशा आवाजात.

दारात गिऱ्हाइकं खोळंबली होती. "मावशी, चिचा संपली की काय?"

"बसा रे, ओरडू नका," ती म्हणाली. आमच्या रिवाजाप्रमाणे पहिला घोट तिनं धरणीमातेसाठी मातीवर ओतला आणि अंदाजानं पेले भरू लागली.