सुजल्या हातावर हलका हात

“कॅन्सर परत आलेला नाही,” डॉक्टर म्हणाले आणि माझ्या नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. मग डॉक्टरांनी माझा डावा हात मनगटाच्या वर अंगठ्यानं दाबून धरला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत पाऊल उमटावं तसा. “याला लिम्फिडीमा म्हणतात. जिवाला धोका नाही. पण हा पूर्ण जाणारही नाही. सांभाळत राहायचं.”

आधीच्या वर्षी नांदेडला माझ्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा काखेतल्या गाठीही काढल्या, नंतर रेडिएशन दिलं. डॉक्टरांनी समजावलं ते मला कळलं तसं सांगते. आपल्या अंगात रक्ताशिवाय आणखी एक पातळ पाणी फिरत असतं. ते लिम्फ. प्रत्येकाच्या काखेत जन्मापासूनच बारीक गाठी असतात, त्यांच्यामधून ते पुढं जातं. माझी ती वाट बंद झाली होती, म्हणून पाणी हातातच थांबत होतं.

मी ब्लाउज शिवते. तरी सूज मला आधी ओळखू आली नाही. बांगड्या रुतायला लागल्या, मग बाही दंडावर चढेना. मला वाटलं, आपलंच माप चुकलं. शिवण उसवली, बाही सैल केली. पुढच्या महिन्यात पुन्हा उसवली. तुमचंही असं ऑपरेशन झालं असेल आणि हात जड वाटत असेल, तर बाही उसवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी हाताला दाबाच्या पट्ट्या बांधायला शिकवल्या आणि एक मालिश सांगितली, मॅन्युअल लिम्फॅटिक ड्रेनेज. म्हणजे थांबलेल्या पाण्याला हातानं दुसरी वाट दाखवायची. ती छातीवरून, पाठीवरून करावी लागते.

“घरात कोण करेल?” मॅडमनी विचारलं.

“मीच करीन,” मी म्हणाले.

खरं कारण वेगळं होतं. ऑपरेशन झाल्यापासून मी नवऱ्याला माझी छाती दिसू दिली नव्हती. दार लावून कपडे बदलत होते. ते सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरतात. बोलणं कमीच. त्यांनी कधी काही विचारलं नाही. मी त्याचा अर्थ माझ्या मनानंच लावला होता.

एकट्यानं मालिश जमेना. पाठीपर्यंत हात पोचेना. मग मी गावातल्या मालिश करणाऱ्या मावशीला बोलावलं. बाळंतिणीला, कमरेच्या दुखण्याला तिचा हात फार चांगला. तिनं कोमट तेल लावून हात खालपासून वरपर्यंत रगडला. त्या संध्याकाळी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हात लाल झाला, तापला आणि मला हुडहुडी भरली. नवऱ्यानं रस्त्यानं जाणारी जीप थांबवली, मला गोधडीत गुंडाळून मागच्या बाकावर निजवलं.

सेल्युलायटिस, डॉक्टर म्हणाले. कातडीच्या आत शिरलेलं इन्फेक्शन. “मावशीला दोष देऊ नका, हे कशानंही होऊ शकतं, अगदी नखाजवळच्या ओरखड्यानंही,” ते म्हणाले. “पण अशा हाताला जोरानं रगडायचं नाही. आणि लाली आली, ताप आला की मालिश बंद करून लगेच दवाखाना गाठायचा.”

तापाचे ते दिवस मला धुक्यातल्यासारखे आठवतात. सलाइनची बाटली छताला तरंगत होती. डावा हात माझा नव्हता, कुणीतरी माझ्या शेजारी निजवलेलं जड लेकरू होतं. कधी वाटायचं, मी माहेरी साखऱ्याला आहे आणि पांढऱ्या कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून बसले आहे. जाग आली की कॉटच्या पायथ्याशी नवरा दिसायचा, बाकड्यावर बसल्या बसल्या पेंगणारा.

ताप उतरला, हाताची लाली गेली. मग मॅडम वॉर्डात आल्या. त्यांनी पडदा ओढला आणि नवऱ्याला विचारलं, “तुम्ही शिकता का?”

त्यांनी मॅडमकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. “हिला चालत असंल तर.”

मी भिंतीकडं बघत राहिले. मग माझ्याच हातानं हुक काढले.

ते तोंड फिरवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पाहिलं, नीट पाहिलं. काखेपर्यंत गेलेला तो व्रण बघून हळूच म्हणाले, “इथं दुखतं का अजून?”

“ओढल्यासारखं होतं,” मी म्हणाले.

एवढंच बोललो. पण वर्षभर छातीत अडकलेला श्वास तेव्हा सुटला.

जाळं ओढून त्यांचे तळवे खरबरीत झालेले. मॅडम म्हणाल्या, “दाबायचं नाही. कातडी नुसती सरकली पाहिजे.”

“एवढ्यानं काय व्हतंय?”

“एवढ्यानंच होतं.”

घरी आल्यावर आमचा नेम ठरला. सकाळी मासे विकून आले की ते साबणानं हात धुतात, पुसून एकमेकांवर चोळून ऊन करतात. मी खिडकीखाली चटईवर पडते. आधी मान. मग उजवी काख, म्हणजे जिथली वाट मोकळी आहे ती बाजू. मग छातीवरून त्या बाजूला. मग दंड, कोपर आणि शेवटी बोटं. दंडापासून बोटांपर्यंत हात फिरवायचा तो नेहमी वरच्या दिशेनं, खांद्याकडं. नंतर पट्ट्या.

पहिल्या दिवसांत ते घाबरून हात लावायचेच नाहीत. “आवं, मी काय काचेची न्हाई,” मी म्हणायची. मग जास्त जोर यायचा. हळूहळू त्यांचा हात बसला.

तो हात फिरू लागला की मला गुंगी येते. झोपही नव्हे, जागही नव्हे. लग्न होऊन आले तेव्हा धरण पहिल्यांदा पाहिलं होतं. कोरडवाहू गावातली पोरगी मी, एवढं पाणी कधी बघितलंच नव्हतं. वाटलं होतं, आभाळच खाली येऊन निजलंय. चटईवर डोळे मिटले की तेच आभाळ खाली येतं. मी त्यावर पडून असते, अंगाला वजन नसतं. कुठूनतरी शेळीच्या गळ्यातली घंटा ऐकू येते. पुढं जाते, पुसट होते. स्तन आहे की नाही, हात सुजलाय की नाही, काही आठवत नाही.

पुढच्या तपासणीत हात बराच उतरला होता. उजव्यासारखा झाला नव्हता, होणारही नाही. नुसत्या मालिशीनं हे झालं नाही. पट्ट्या, व्यायाम, कातडीची काळजी, हे सगळं सोबत चाललं होतं. मालिशीनं आजार बरा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण ज्या अंगाची मला किळस येत होती, ते अंग पुन्हा माझं वाटू लागलं, ते त्या चटईवर. घरच्या माणसापासून व्रण लपवून ठेवलेल्या बायकांना मी एवढंच सांगीन. आधी मनाची तयारी होऊ द्या, घाई नको. पण समोरचा माणूस गप्प आहे म्हणून त्याला नकोसं झालंय, असं धरून चालू नका.

ज्या मॅडमनी दोघांना शिकवलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले, “आता रोज मालिश नको. पट्ट्यांऐवजी ती दाबाची घट्ट, लवचिक बाही घालत राहा. सूज वाढली तरच करा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धरणावरून आले, हात धुतले आणि चटई अंथरून बसले.

“आवं, डॉक्टर रोज नको म्हणले ना?”

“व्हय, म्हणले.”

“मग काहून बसले?”

“असंच,” ते म्हणाले. “पड तू.”

मी पडले.