फोनसमोर शेकलेले हात

मित्रमैत्रिणींनो, सकाळपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

माझा दादा कुवेतला बांधकामावर असतो. तो तिकडे राबला म्हणून मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. आज कामावर निघण्याआधी त्याने व्हिडिओ कॉल केला. इथे आरोंद्यात चांगलीच थंडी होती, आणि आई न्हाणीच्या चुलीपाशी शेकत बसली होती.

"थंय थंडी आसा रे?" आईने विचारलं.

"वाळवंटात खंयची थंडी गो आये!"

"मगे कानाक टॉवेल कित्याक गुंडाळलंस? आनी शर्टावर शर्ट?"

दादा नुसता हसला. मग हळूच मला म्हणाला, "चूल दाखव गो जरा."

आईने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. माझ्या हातातून फोन घेतला आणि विस्तवाजवळ धरला. "हात फुडे कर. शेक."

एवढा मोठा दादा, खरंच दोन्ही हात पुढे करून बसला.

आखातातल्या माणसांना आपण नेहमी उन्हाचंच विचारतो. तुमचं कुणी तिकडे असेल, तर आज त्यांना विचाराल का, रात्री पांघरूण पुरतं का म्हणून?